आमच्या खोलीतली बारची स्टुलं

…आणि कपाट उघडायचं तर आधी चार स्टुलं कॉटवर चढवायची! तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून मी नवऱ्यापेक्षा बारच्या स्टुलांबरोबरच जास्त राहिलेय. उंच, लाल गादीची, गोल फिरणारी... सासऱ्यांनी कोपर स्टेशनजवळच्या आमच्या गाळ्यात परमिट रूम काढायची ठरवली, सामान आधी आणलं, परवानगी नंतर. ठेवायचं कुठे? नव्या सुनेच्या खोलीत! नवरा, सूरज, म्हणतो, "अगं, कागद आला की जातील खाली."

कागद! सासरे दारूवाल्या खात्यात गेले, तर साहेब म्हणाले, "नकाशात तुमचा गाळा पिठाची गिरणी आहे. आधी महापालिकेकडून वापर बदलून आणा." सासरे तापले. "अहो, गिरणी कधीच बंद पडली, अख्ख्या कोपरला माहितीय!" "कोपरला असेल काका, नकाशाला नाही." मग महापालिकेच्या नगररचना खात्यात. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "हॉटेलची परवानगी देऊ, दारूचं आम्ही नाही हं बघत." म्हणजे एकानं भिंती बघायच्या, दुसऱ्यानं बाटल्या, आणि मी स्टुलं बघत बसायची! कागद आला की जातील खाली...

आणि आला की हो एक, भिंतींचा! मी तर पडदेसुद्धा धुवून काढले. आता बाटल्यांचे साहेब जागा बघायला येणार, म्हणून सासूबाईंना काय सुचावं? "धंद्यावर देवाची नजर हवी." गाळ्याच्या दाराशीच दत्ताची घुमटी बांधली, संगमरवरी! मी बोलणार होते काहीतरी, पण नवी सून... आरतीचं तबक धरलं. साहेब आले, टेप काढली, विचारलं, "हे देऊळ कुणाचं?" सासऱ्यांची छाती फुगली. "आमचंच! जागृत आहे साहेब, गुरुवारी पार रिक्षा स्टँडपर्यंत रांग लागते!"

साहेबांनी टेप गुंडाळली. "देवळापासून अंतर सोडावं लागतं हो काका. हे तर तुमच्या उंबऱ्यालाच!"

आम्ही सगळे दत्ताकडे बघतोय, दत्त आमच्याकडे...

देव हलवायचा ठरला. पण ठेवायचा कुठे? देवघर एवढंसं, हॉलमध्ये टीव्ही... सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सूरजनं तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "हो हो, कागद आला की जातील खाली!"

आता दत्तगुरू आमच्या खोलीत आहेत, लाल स्टुलावर. दिवा लावताना एका हातानं स्टूल धरावं लागतं, नाहीतर दत्तगुरू हळूच भिंतीकडे तोंड करतात. आणि सूरज? देवासमोर बरं दिसत नाही, म्हणून सासूबाईंनी त्याचं अंथरूण हॉलमध्ये घातलंय...

कागद आला की येईल म्हणे आत.