दुसऱ्या भाषेतला एक शब्द

टण्ण— एवढाच आवाज होता, दादा, आणि तो इथेच झाला, या भट्टीपाशी, एक्केचाळीस वर्षांपूर्वी. तापलेल्या लोखंडावर घण पडला की आवाज दबका येतो, तो तर आपण पाळण्यापासून ऐकला. पण तू त्या दिवशी रिकाम्या ऐरणीवर घण घातलास, आणि आपल्या धंद्यात रिकाम्या ऐरणीवर कोणी घण घालत नाही, घातला तर शपथेसाठीच. किती वेळ घुमत होता तो— बस, बस, उठू नकोस. तुझा लेक कागदाच्या प्रती काढायला गेलाय, त्या दुकानात रांग असते, येईल सावकाश. तो आला की तू सही करशील, भट्टीतला तुझा वाटा माझ्या नावावर होईल, आणि उद्या तो तुला घेऊन जाईल परदेशी, कायमचा. मला सगळं कळलंय. वहिनी असती तर तिनेच सांगितलं असतं. बिचारीची जन्मभर पंचाईत. दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसलेले, आणि तू तिला म्हणायचास, याला विचार भाता दुरुस्त झाला का, आणि मी तिला म्हणायचो, त्याला सांग झाला— ती म्हणायची, मी या घरची सून आहे की टपालपेटी? ती गेली आणि आपलं टपालच बंद पडलं.

ही वही बघ. हसलास तरी चालेल, न हसण्याची शपथ नव्हती. वर्ष झालं, मी इंग्रजीच्या शिकवणीला जातो. बाई माझ्या नातीच्या वयाच्या. वर्गात नोकरी शोधणाऱ्या मुली, एक शिंपी आणि मी. बाईंनी आधी भाज्या शिकवल्या, मग रंग, मग डॉक्टरकडे काय बोलायचं ते. महिन्याभराने मी म्हटलं, बाई, मला कांदेबटाटे नकोत, मला शपथेचे शब्द शिकवा. पुढच्या वेळी त्यांनी यादी करून आणली, खरंच, मोठ्या अक्षरांत. ओथ म्हणजे शपथ. ब्लेसिंग म्हणजे आशीर्वाद. कर्स म्हणजे शाप. बिलीफ म्हणजे काय, श्रद्धा की विश्वास? मी विचारलं, तर म्हणाल्या दोन्ही. आता दोन्हींना एकच शब्द वापरून त्या लोकांचं भागतं कसं, देव जाणे. शिंपी म्हणाला, काका, एवढ्या शब्दांत तुम्ही लग्नही लावाल आणि तेरावंही उरकाल. टवाळ आहे, पण माझ्या वहीला पुठ्ठा त्यानेच शिवून दिला.

कशासाठी, असं मनात आलं असेल तुझ्या. सांगतो. तुझी शपथ मला शब्दन् शब्द पाठ आहे. घण खाली ठेवलास आणि म्हणालास, बाबांनी शिकवलेल्या भाषेतला एक शब्दही या तोंडातून तुझ्यासाठी निघणार नाही. असंच म्हणालास ना? बाबांनी शिकवलेल्या भाषेतला. त्या शब्दांवर मी इतकी वर्षं नुसता रडलो, विचार कधी केला नाही. गेल्या वर्षी तुझ्या खिडकीखालून जात होतो, आणि तू फोनवर नातीशी इंग्रजीत बोलत होतास— पुलाच्या कामावर साहेबांच्या हाताखाली शिकलेलं तुझं ते इंग्रजी— आणि हसत होतास. मी वाटेतच थांबलो. म्हटलं, ही भाषा काही बाबांनी शिकवलेली नाही. हिच्यात दादा माझ्याशी बोलला तर शपथही मोडत नाही आणि दादाही मोडत नाही. वकिलासारखं वाटतं ना? मला नाही वाटलं. मला वाटलं, आपल्याला एक दार सापडलं, आता फक्त कडी काढायला शिकायचं.

म्हणून हे सगळं. तू एक शब्द म्हण, मला कळेल. शिवी दिलीस तरी कळेल, शिव्या बाईंनी शिकवल्या नाहीत पण शिंप्याने शिकवल्या. गुड म्हण, बॅड म्हण. मोठी वाक्यं नको, मोठ्या वाक्यांत मी अजून बुडतो.

नाही? बरं. घाई नाही. मीच बोलतो मग.

यादीत एक शब्द होता, कन्फेस. कबूल करणं. बाईंनी वाक्य करायला सांगितलं, सगळ्यांनी केली, माझीच जागा कोरी राहिली. त्या म्हणाल्या, आजोबा, सोपं आहे, कुठलीही लहानशी चूक लिहा. लहानशी. मी म्हटलं घरून लिहून आणतो, आणि मग दोन आठवडे गेलोच नाही. आता तुला वाटेल की निरोपाचंच सांगतोय— ट्रकवाल्याकडे तुझ्यासाठी बाबांच्या आजारपणाचा निरोप दिला होता असं मी चारचौघांत म्हणालो, तो म्हणाला मला कोणी काही दिलं नाही, आणि त्यावरून तू घण उचललास. ते तर तुला ठाऊकच आहे. नव्हता दिला. बाबा अंथरुणावर पंधरा दिवस होते, तू पुलाच्या कामावर, एका दिवसाच्या वाटेवर होतास, आणि मी निरोप पाठवला नाही. तू आलास तेव्हा बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते. तेवढं तुला ठाऊक आहे म्हणून मी इतकी वर्षं मनाला समजावत होतो की सगळंच ठाऊक आहे. बाबा रोज विचारायचे, आला का रे तो, आणि मी म्हणायचो—

पाणी देऊ? माठ भरलेला आहे.

मी म्हणायचो, बाबा, त्याला कळवलंय, पण तो म्हणतो सवड नाही.

बोललो. घे. इंग्रजीत बोलायचं ठरवलं होतं, पाठही केलं होतं, त्या शब्दांत मला इतकं लागलं नसतं. पण आलं ते आपल्याच भाषेतून आलं. एकदा नाही, दादा, तीन वेळा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तू समजत होतास की ते तुझी वाट बघत गेले. वाट बघणं त्यांनी आधीच सोडलं होतं. माझ्यामुळे. का, म्हणशील— मला कारण शोभेसं सापडत नाही. त्यांचं सगळं मी करत होतो, अंग पुसायचो, भरवायचो, आणि ते नाव तुझं घ्यायचे. तुझा हात चांगला होता, हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. तू आलास की त्या घरात मी दिसेनासा व्हायचो. मला वाटलं पंधरा दिवस, फक्त पंधरा दिवस ते माझे असू देत. ते जातील असं नव्हतं वाटलं रे. खरंच नव्हतं वाटलं.

आणि हे शेवटचं, हे ऐकून घे. तुझं आहे, माझ्याकडे उगाच पडून राहिलं. जायच्या आदल्या दिवशी ते भिंतीकडून इकडे वळले आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, आला नाहीस तरी माझा आशीर्वाद आहे. रागावलो नाही म्हणावं." मी हो म्हटलं, सांगतो म्हटलं. आणि तू आलास, घण उचललास, आणि मी ते सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की बाकीचंही सांगावं लागणार. उद्या तू गेलास की ते माझ्याबरोबरच जळलं असतं.

झालं. आता वही मिटतो. बोल म्हणून मी म्हणत नाही, तो हक्क राहिला नाही. पण आशीर्वाद पोचला एवढं तरी— मान हलवलीस तरी कळेल मला. मान ही काही भाषा नाही.

उठलास? बस ना, तो यायचाय अजून. बरं, बरं. तिकडून नको, तिथली फरशी उखडली आहे, दाराकडे डावीकडून जा. भिंतीला हात लाव. हां, असा. सावकाश.

दादा, मान तरी—