कुंडीची भोकं

मी आसगावचा जी, पवनी तालुक्यातला. आमच्याकडे कसं, धानाच्या बांधीत पाणी दिसलं का मन शांत, वाहून गेलं का घरात भांडण. भंडाऱ्यात येऊन नळाची कामं धरली, गळते ते बंद करायचं, पोट भरते.

मार्केटातल्या काकूच्या घरची टाकी पाहाले गच्चीवर चढलो. काय सांगू तुमाले, खाली हॉर्न, भाजीवाल्यांची बोंब, अन् वर कुंड्यांत मोगरा, वांगी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, सारं चुपचाप. काम अर्ध्या तासाचं, म्या दोन दिवस लावले. माही खोली आटाचक्कीच्या बाजूले, शांत जागा म्हणजे शहरात मले ही गच्चीच भेटली. काकू एकटी, रिटायर मास्तरीण, म्हणे ये बाबू डबा खाले, पण झाडाले हात नको लावू.

मंग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती नागपूरले लेकीकडे गेली, पंधरा दिवस. चाबी माह्यापाशी, म्हणे रोज एक-एक लोटा पाणी टाक. पहिल्याच दिवशी पाहातो तं काय, प्रत्येक कुंडी बुडातून गळून राहिली! म्या म्हटलं, एवढी शिकलेली बाई अन् दुकानदारानं सारा फुटका माल गळ्यात मारला. झालं. सिमेंट कालवलं अन् एकूण एक भोक बुजवलं, असं मन लावून तं पैशाचं काम बी कधी केलं नाही. कुंड्या कशा बांधीवाणी डबडब, मी डबा खात पाहून खूश.

आठव्या दिवशी वांगी पिवळी पडली. म्या म्हटलं तहान लागली असंल, लोटे वाढवले. बह्याड माणूस जी मी!

काकू आली काळा चश्मा लावून, तं गच्चीवर सडका वास. मले वाटलं, इले धड दिसत नाही, सांगून देऊ काहीबी. पण जीभ वळली नाही. म्हटलं काकू, भोकं म्या बुजवली. काहून रे? गळत होतं जी. ती खाली बसून कुंडीचं बूड चाचपू लागली. म्या म्हटलं, गेली आपली गच्ची. मंग काकू हळूच म्हणे, ड्रिल आहे का तुह्यापाशी?

दिवसभर भोकं पाडली, त्यातबी दोन कुंड्या फोडल्या. वांगी गेली, सांबार गेला, मोगऱ्याची नुसती काडी राहिली. काकू रोज त्या काडीले नख लावून पाहे, म्हणे आत हिरवं आहे. मी रोज जिना चढून आधी तेच विचारे.

या हप्त्यात काडीच्या बुडाशी पालवी फुटली. चाबी तिनं परत मागितली नाही, पण नवी कुंडी आणली का शेजारीपाजारी ऐकतील अशी ओरडते, बाबू, ही गळते रे, येतं का पाहाले! हसू दे जी. तिचे डोळे चांगले राहोत, पहिली कळी तिनंच पाहावी, मी पाहिली तं रोग समजून औषध मारीन.