दारात कोणीतरी हवं

हॉस्पिटलच्या बाकावर, पायाला प्लास्टर घातलेल्या ट्रकवाल्याच्या शेजारी एक आजी आणि तिचा मुलगा बसले होते.

"निघालं गं आई विमान. आपल्या पोरीसाठीचं हृदय घेऊन."

"त्या लांबच्या शहरातून? अरे, गाडीने अख्खा दिवस आणि वर रात्र लागते!"

"विमानाने दीड तास."

"अगं बाई! आणि आभाळातून येईपर्यंत ते जिवंत राहतं?"

"बर्फाच्या पेटीत राहतं म्हणाले."

"पेटीबरोबर हृदय देणाऱ्याच्या घरचं कोण येतंय?"

"कोणी नाही. डॉक्टर आहेत."

"मग ऊठ, फाटकाशी जाऊ."

"आपल्याला जवळ कोण जाऊ देणार?"

"लांबून हात जोडीन. कुणाच्या तरी घरचं माणूस एवढ्या लांबून येतंय, दारात कोणी नको?"

ट्रकवाल्याने कुबड्या ओढल्या आणि तोही त्यांच्या मागे निघाला.