एकशे त्र्याऐंशीवं मत

सन्माननीय अध्यक्षा आणि आमच्या चित्रपटगृहाच्या मालकीणबाई, वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती बॅटरीकाका, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या काकू, तिकीट खिडकीपासून यंत्रखोलीपर्यंतचे माझे सगळे सहकारी आणि या खुर्च्यांवर आयुष्याचे कित्येक तास घालवलेल्या जुन्या प्रेक्षकांनो, आपणा सर्वांना व्यवस्थापक या नात्याने माझा नमस्कार.

भाषण लिहून आणलं होतं. ते खिशात आहे, पण तिथेच राहू द्यावं म्हणतो. मघापासून मी चार वेळा पाणी प्यालो, हे अध्यक्षांच्या नजरेतून सुटलेलं नाही. बोलायची सवय नाही असं नव्हे. आज जे बोलायचं आहे त्याची सवय नाही.

काकांबद्दल नवीन काय सांगू? चौतीस वर्षं यांनी अंधारात लोकांना जागा दाखवली. पायरी आली की यांच्या बॅटरीचा प्रकाश आधी पायरीवर पडायचा, मग माणसाच्या पायावर. तोंडावर कधीच नाही. उशिरा येणाऱ्याला लाजवायचं नसतं, हे यांनी आम्हाला शिकवलं. मला मात्र ते शिकायला जरा उशीरच लागला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या उडणाऱ्या महानायकाच्या चित्रपटाचे दोन भाग इथेच तुफान चालले होते. तिसरा, शेवटचा भाग प्रदर्शित होण्याआधी कंपनीने एक चाचणी खेळ ठेवला. सकाळी अकराला निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवायचा, प्रत्येकाकडून मत लिहून घ्यायचं आणि दोनच्या ठोक्याला ती पत्रकं कंपनीच्या गाडीत द्यायची. मतं पाहून शेवट ठेवायचा की बदलायचा, हे ते ठरवणार होते. माझी छाती फुगली होती. एवढ्या चित्रपटगृहांतून आपलं निवडलं!

शेवट असा होता, की जगाला वाचवताना महानायकाची शक्ती कायमची जाते. मग तो चालत, लंगडत आपल्या घरी येतो. बस्स. संपला चित्रपट.

लोक असे खवळले म्हणता! मी पत्रकं गोळा करता करता वाचत होतो. ‘याचसाठी आम्ही तीन भाग पाहिले का?’ ‘उडता येत नाही तर तो महानायक कसला?’ ‘दुसरा भाग बरा होता.’ ‘शक्ती परत द्या, नाहीतर आम्ही येणार नाही.’ एकाने फक्त लिहिलं होतं, ‘मक्याच्या लाह्या मऊ होत्या.’ ते उपाहारगृहाने मनावर घ्यावं.

एकशे ब्याऐंशी पत्रकं झाली. दोनला पाच कमी होते आणि सभागृहात अजून दोन माणसं बसलेली. एक गृहस्थ, आणि शेजारी आपलं पत्रक देऊन थांबलेली त्यांची बायको. गृहस्थ उंच इमारतींच्या काचा बाहेरून, दोराला लटकून पुसायचे. एकदा दोर सुटला. जीव वाचला, पण उजवा हात आणि एक पाय कामातून गेला. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. बाई शिवणकाम करून घर चालवत होत्या. पहिले दोन भाग त्यांनी धडधाकट असताना पाहिले होते. म्हणायचे, “तो उडतो, मी लटकतो. उंची तीच!” म्हणून तिसऱ्या भागाला बाईंनी त्यांना हट्टाने आणलं होतं. हे सगळं काकांना तेव्हाच ठाऊक होतं. मला नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मला एवढंच दिसत होतं, की एक माणूस डाव्या हाताने एकेक अक्षर कोरतोय आणि बाहेर गाडी भोंगा वाजवतेय.

मी म्हणालो, “काका, घ्या तो कागद, झालं तेवढं पुरे.”

काका म्हणाले, “साहेब, माणूस लिहितोय.”

“एका कागदाने काय होतंय? गाडी जाईल.”

“मग जाऊ द्या. माणूस लिहितोय.”

बाकीची पत्रकं घेऊन गाडी गेली. माझं डोकं फिरलं. अडीचचा खेळ लावायचा होता, झाडलोट व्हायची होती. मी यंत्रखोलीला ओरडून सांगितलं, दिवे घालवा! दिवे गेले. सभागृह मिट्ट काळं. आणि मग, हे मी कधी विसरणार नाही, काकांनी बॅटरी लावली आणि त्या कागदावर धरली. हात हलला नाही त्यांचा. बाई म्हणाल्या, “तुम्ही लिहा हो. आहे उजेड.” त्या गृहस्थांनी पूर्ण चाळीस मिनिटं घेतली. खेळ पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला आणि मी सगळ्या सहकाऱ्यांसमोर काकांच्या हातात मेमो ठेवला.

तो कागद मी न वाचता ड्रॉवरमध्ये, मेमोच्या प्रतीवर टाकला. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, “पाठवलं का साहेब?” मी म्हणालो, “पाठवलं.”

चार महिन्यांनी चित्रपट आला. शेवट बदललेला. शक्ती परत, आकाशात झेप, टाळ्या, शिट्ट्या. पहिल्याच दिवशी ते गृहस्थ काठी टेकत आले होते, या वेळी एकटे. खेळ सुटल्यावर दाराशी त्यांनी काकांना विचारलं, “माझं मत पोचलं होतं ना?”

काका म्हणाले, “हो तर. साहेबांनी स्वतः पाठवलं.”

“मग ठीक. सांगून तरी झालं,” असं म्हणून ते गेले. मी चार पावलांवर उभा होतो, पोस्टर सरळ करत. पोस्टर सरळच होतं.

गेल्या आठवड्यात काकांच्या निवृत्तीची कागदपत्रं काढताना मेमोच्या प्रतीला चिकटलेला तो कागद निघाला. तेव्हा पहिल्यांदा वाचला. वाचून दाखवतो. ‘शक्ती गेल्यावर तो घरी येतो. बायको रडत नाही. म्हणते, दार लाव, वारा येतोय. सगळ्यात चांगला प्रसंग हाच आहे. हा काढू नका.’

प्रसंग काढला गेला होता. एकशे ब्याऐंशींपुढे हा एक कागद टिकला नसता, मला मान्य आहे. पण त्या वाक्याआड लपून मी तीन वर्षं काढली.

परवा मी त्या गृहस्थांचं घर शोधून गेलो. ते आता एका कारखान्यात फाटकावर नोंदी ठेवतात, डाव्या हाताने. मी कागद पुढे केला, सगळं सांगितलं. त्यांनी आपलंच अक्षर एकदा वाचून पाहिलं. मग म्हणाले, “मला लिहायला चाळीस मिनिटं लागली. तुम्हाला सांगायला तीन वर्षं?” “हो,” मी म्हणालो. त्यांनी विचारलं, “काकांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग इथे काय करताय? माझा राग मी बघून घेईन. त्यांना तुम्ही खोटं बोलायला लावलंत.”

काका, तुम्ही उठू नका. काकू, त्यांना बसवा. काका, तो कागद मी पाठवला नव्हता. तुमच्या तोंडून एका भल्या माणसाला जे खोटं ऐकवलं गेलं, ते माझं होतं. तो मेमो मी लेखी मागे घेतला आहे. त्याचं पत्र कारणासह सूचनाफलकावर लावलंय, सगळ्यांनी जाताना वाचावं.

मालकीणबाईंनी बोलू दिलं, पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं नाही, सहकाऱ्यांनी खुर्च्या मांडल्या, या सर्वांचा मी ऋणी आहे. भाषण लांबलं, कुठे तोल गेला असेल, तर ते सभागृहाने उदार मनाने पोटात घालावं. बाकीची माफी सभागृहाने द्यायची नाही. ती देणं न देणं काकांच्या हातात आहे, आणि त्यांनी उत्तराची घाई करू नये. मी थांबतो.