आठव्या मात्रेचा ‘ना’

नाही, पण मी म्हणतो, चुकलो म्हणून बोलणी बसली तर समजू शकतो… आपण सगळे त्याच्यावरच मोठे झालो… पण चुकलो नाही म्हणून? गेल्या आठवड्यात कार्यक्रम संपला, घामही पुसला नव्हता, आणि माझा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, मला बाजूला घेऊन म्हणतो, “भाऊजी, हे काही बरं नाही केलंत. आज तुम्ही एकदाही चुकला नाहीत. लोक नाराज होऊन गेले.” आता बोला! ड्रम वाजवण्यात उभं आयुष्य गेलं माझं, हात चुकू नये म्हणून पोटऱ्यांत गोळे येईपर्यंत पाय आपटले, आणि आता आरशासमोर उभा राहून मी चुकण्याची प्रॅक्टिस करतोय! हसा. हसा तुम्ही. तुमच्या घरात मेहुणा मॅनेजर नाही ना!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमचंही आमच्या आईसारखं व्हायचं.

तर आमचा बँड. जॅझ-रॉक. म्हणजे काय ते मला विचारू नका, कारण जॅझवाले म्हणायचे हे रॉक आहे, रॉकवाले म्हणायचे हे जॅझ आहे, आणि शेजारचे म्हणायचे हे बंद करा. सॅक्सोफोनवर फुगा… गाल फुगतात म्हणून फुगा, बाकी माणूस काडी आहे काडी… बास गिटारवर मुका, ज्याला आम्ही फक्त ‘हं’ म्हणताना ऐकलंय, आणि ड्रमवर मी. आणि आमची शान म्हणजे एक धून, सात मात्रांची. माझी आणि फुग्याची. एक दोन तीन, एक दोन, एक दोन… की लगेच पुन्हा एक! आठवी मात्राच नाही. जिन्याची एक पायरी कमी असली की पाय कसा हवेत राहतो, तसं ऐकणाऱ्याचं व्हायचं. आणि ते तसं व्हावं म्हणून आम्ही जीव टाकत होतो, तुम्हाला सांगतो!

ऐकायला यायचे कोण? दाढीवाले. डोळे मिटून बसायचे. एक जण तर खरंच घोरला, आणि आम्ही समजलो, फारच रंगलाय. आणि पहिल्या रांगेत आमची आई. प्रत्येक कार्यक्रमाला. मांडीवर दोन्ही हात तयार ठेवून बसायची बिचारी, हात जरा उचलायची, इकडे तिकडे बघायची, पुन्हा खाली ठेवायची. आणि बाहेर आलं की ठरलेलं, “छान झालं हो. पण मला एक सांग, टाळी कुठं द्यायची?”

म्हटलं, “आई, अगं सात मात्रा आहेत.”

“असू देत की. टाळी कुठं द्यायची?”

“टाळी नाही द्यायची गं, ऐकायचं.”

“एवढा घाम गाळून वाजवता आणि टाळी नाही द्यायची? मग आम्ही हात आणायचे कशाला?”

मी आपला ड्रम गाडीत भरायला लागलो.

तर असं आमचं बरं चाललं होतं… म्हणजे अजिबात चाललं नव्हतं. दाढीवाल्यांना मुलंबाळं झाली, ते यायचे बंद झाले. शेवटी हॉलवाल्याने आमची तारीख हास्यक्लबला देऊन टाकली. आणि वर म्हणतो, “तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकायला लोक जास्त थांबतात!” हे आमच्या हिने भावाला सांगितलं. हिचा भाऊ म्हणजे गाद्यांचा दुकानदार. तो म्हणाला, “ताई, तू काळजी करू नकोस. मी बघतो.” आणि त्याने बघितलं हो! असं बघितलं की आम्ही बघतच राहिलो!

मीटिंग कुठे? गाद्यांच्या दुकानात. मला, फुग्याला, मुक्याला त्याने एकेका गादीवर बसवलं. इतक्या मऊ, इतक्या मऊ की आम्ही कमरेपर्यंत आत. आणि हा स्वतः स्टुलावर, वर! म्हणाला, “भाऊजी, गिऱ्हाईक गादीवर टेकलं की ‘आहा’ म्हणालं पाहिजे. तुमच्या धुनेत ‘आहा’ कुठं आहे? एकच करा. सातच्या आठ मात्रा करा. लोकांना नाचता येईल.” मी म्हटलं, “अरे, मात्रा म्हणजे काय भाजीवरची कोथिंबीर आहे, वरून टाकली?” चांगला भडकलो होतो, उठून दोन शब्द सुनावणार होतो… पण उठता येईना! गादीत रुतलेल्या माणसाला भांडता येत नाही, अनुभवाचे बोल आहेत. मी आशेने फुग्याकडे बघितलं. फुगा छताकडे बघत म्हणाला, “आहा…” संपलं! मुका म्हणाला, “हं.”

मग त्या धुनेला शब्द आले. ‘तू गच्चीवर ये लवकर.’ मोजा, मोजा बोटांवर. तू, गच्, ची, वर, ये, लव, कर. सात! मी म्हटलं, बघा, धूनच सांगतेय की मी सातची आहे, आठव्यात घालणार काय? मेहुणा म्हणाला, “ना.” मला वाटलं नाही म्हणतोय! नाही हो, तोच शब्द! ‘तू गच्चीवर ये लवकर… ना!’ झालं. आमच्या उभ्या आयुष्याची साधना, आणि तिच्या शेपटीला ‘ना’.

एक गोड गळ्याची गायिका आली. आणि आली डबी. डब्याएवढीसुद्धा नाही, डबीच, तिच्यात सगळे ड्रम. बटण दाबलं की धाड धाड धाड धाड, ना पोटऱ्या दुखणार, ना पाणी मागणार. मी म्हटलं, “आणि मी काय करू?” तर मेहुणा म्हणतो, “तुम्ही पुढे उभे राहून टाळ्या द्या ना भाऊजी! लोकांना कळायला नको, टाळी कुठं द्यायची?” आईचंच वाक्य! शब्द न् शब्द! हे दोघं फोनवर बोलत असणार, मी सांगतो तुम्हाला! माझे ड्रम घरी परत आले, झोपायच्या खोलीत. झांजेच्या स्टँडवर टॉवेल वाळायला लागला. खोटं कशाला बोलू, तो टॉवेल बघून मला रडू आलं, आणि डोळे पुसले तेही त्याच टॉवेलाने.

पहिला कार्यक्रम. मैदान गच्च. मला चकचकीत शर्ट, आत गेलेलं पोट बाहेर दिसेल असा. डबी सुरू झाली, गायिका सुरू झाली, मी प्रत्येक मात्रेला टाळी देतोय, तू, गच्, ची, वर, ये, लव, कर… आणि हात थांबले. हवेत! अहो, हातांना काय माहीत आठवी मात्रा आलीय म्हणून? त्यांच्या दृष्टीने धून संपली! डोकं ओरडतंय, अरे अजून एक आहे, हात म्हणतायत, छे, सात झाल्या! तेवढ्यात ‘ना’ येऊन गेलासुद्धा. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बघतो तर काय, पुढच्या रांगांनी हात हवेत थांबवलेले! त्यांना वाटलं हीच स्टाइल! मग मागच्यांनी, मग सगळ्या मैदानाने. सात टाळ्या, हात हवेत, आणि तोंडाने… “ना!”

पेटलं हो गाणं! लिफ्टवाला मला बघून हात हवेत थांबवायचा. दात दुखतो म्हणून गेलो, तर दातांचा डॉक्टर चिमटा हवेत धरून म्हणतो, “उघडा… ना!” मेहुणा म्हणाला, “भाऊजी, तुमची चूक म्हणजे सोनं आहे सोनं. रोज करायची!”

इथपर्यंत ठीक होतं. पण रोज रोज आठ ऐकून हात शिकले ना आठ! गेल्या आठवड्यात ‘ना’वर टाळी पडली. अगदी बरोब्बर. प्रत्येक ओळीला. लोक गोंधळले, मेहुणा लालबुंद, आणि मी… मी आपल्याच हातांकडे बघतोय. लोकांचं राहू द्या हो. सात गेली होती माझ्या हातातून.

घरी आलो, सकाळी उठून टॉवेल काढून फेकला आणि ड्रमवर बसलो. जुनी धून. एक दोन तीन, एक दोन, एक दोन. ही लाटणं घेऊन दारात, “हे काय चाललंय?” म्हटलं, “ऑफिसचं काम! तुझ्या भावाने चुकायला सांगितलंय, चुकायचं तर सात नको का पक्की?” दुसऱ्या दिवशी फुगा आला. म्हणे सहज आलो. सॅक्सोफोन घेऊन कोणी सहज येतं का हो? मग मुकाही आला. “हं.” पलंगाला खेटून उभे राहून वाजवतोय आम्ही, दाढीवाले नाहीत, डबी नाही, आणि काय सांगू, असं कधी वाजलंच नव्हतं! पलंगावर आई. हात मांडीवर.

काल पुन्हा मैदान. मेहुण्याने लोकांचा ‘ना’ सगळीकडे घुमावा म्हणून पहिल्या रांगेत माईक लावलेला, आणि बरोबर त्याच्याशेजारी आईची खुर्ची. तू, गच्, ची, वर, ये, लव, कर… थांबले! माझे हात थांबले! आणि समोर हजारो हात, हवेत, माझ्या सातवर थांबलेले! त्यांना पत्ता नाही, पण मला माहीत होतं ना. अंगावर काटा आला हो.

आणि तेवढ्यात सगळ्या स्पीकरमधून… टप्प!

एकच टाळी. ‘ना’वर. पुढच्या ओळीला पुन्हा टप्प! मेहुणा डोकं धरून बसला. आणि पहिल्या रांगेत आमची आई, चेहरा असा फुललेला, की मी तिचा असा चेहरा उभ्या आयुष्यात बघितला नव्हता.

बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणते, “इतकी वर्षं विचारत होते, टाळी कुठं द्यायची, टाळी कुठं द्यायची… आज कळलं रे! एवढी सगळी माणसं हात वर धरून थांबतात, ती माझ्यासाठीच थांबतात ना?”

आता हिला सात काय सांगू आणि आठ काय सांगू? म्हटलं, “हो गं आई. तुझ्याचसाठी… ना!”