झाडाला बांधलेले दगाजीआप्पा

मंडळी, आधी एक सांगा. वाडवडिलांनी घालून दिलेला नियम पाळायचा, की बदलायचा? पाळायचा म्हणणाऱ्यांनी माना डोलवा! आता बदलायचा म्हणणाऱ्यांनी! — अहो, या काकांची मान दोन्ही वेळा डोलली! झोप लागली वाटतं. असो. ऐका!

सुळवाडी नावाचं गाव. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर ओळीनं शेतं. आणि पाण्याची घटना — हो, घटनाच! — चावडीत दगडावर कोरलेली. काय होतं त्यात? पाण्याची पाळी घटिकापात्रानं मोजावी. शेतमालकानं स्वतः पाटाच्या दारावर उभं राहावं. नाही राहिला, तर पाणी पुढच्याला. टोकाच्या शेताला पाणी पोचलंच पाहिजे. आणि बदल करायचा, तर सगळ्यांचे हात वर!

दगड कोरला दगाजीआप्पांच्या आजोबांनी. त्यामुळं आप्पा राखणदार. कुणी म्हटलं, "आप्पा, जरा बदलू या," की आप्पा गरजायचे, "दगड कधी बदलतो का रे?"

आणि झालं काय — कांदा पोसत आलेला, उद्या पाण्याची पाळी, आणि आप्पा शेळीमागं धावताना पडले. पाय मोडला! शेजारच्या शेतातला भिकन लगेच समाचाराला. "आराम करा आप्पा. उद्याचं पाणी मी घेतो. नियमच आहे ना!"

"उभा राहीन!" आप्पा म्हणाले.

आणि राहिले! खाटेवरून नेलं, पाटाच्या दाराशी कडुनिंबाला दोरानं बांधलं — फेट्यासकट! बुजगावणं समजून चिमण्या पळाल्या! भिकन ओरडला, "हे उभं राहणं नाही, हे टांगणं आहे!"

गाव जमलं. आप्पांनी खिशातल्या मोबाईलकडं मान वाकडी केली. बायको झेलाबाईनं विचारलं, "काय बघताय?"

"वेळ."

"घटिकापात्र कुठंय?"

"ते... फुटलं. मग घड्याळ आलं. आता हे."

"तेव्हा कुणी हात वर केले होते?"

आप्पांनी मान सरळ केली!

"आजोबांनी उभं राहायला का सांगितलं? पाणी चोरीला जाऊ नये म्हणून! मग मी उभी राहिले, तर पाणी लाजणार आहे का?"

गाव हसलं. आप्पांनाही पटलं. म्हणाले, "घरचं कुणीही उभं राहील! करा हात वर!"

सगळे हात वर. आप्पांचे बांधलेले — त्यांनी भुवया वर केल्या! एकच हात खाली. कुणाचा? भिकनचा!

"करतो की," भिकन म्हणाला, "पण बदलायचंच, तर टोकाचं कलमही काढा. गेंदूबाईच्या वावरापर्यंत जाताना निम्मं पाणी मुरतं. हे शास्त्र आहे!"

गेंदूबाई मागं उभी. तिनं पदर घट्ट धरला.

मंडळी, आप्पांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कांदा वाचला असता!

"वाळू दे माझा कांदा!" आप्पा कडाडले. "कशानं मोजायचं ते बदलेल, कोण उभं राहील तेही बदलेल. पण टोकाला पाणीच नाही, तर पाट खणला कशाला? आणि भिकन, मुरण्याचं शास्त्र तुला कळतं ना? मग गेंदूबाईचं शेत तोडल्यावर टोकाला कुणाचं उरतं, सांग!"

भिकननं पाटावरची शेतं नजरेनं मोजली. गेंदूबाईच्या अलीकडं... त्याचंच! हात असा वर गेला, की सदरा काखेत उसवला!

झेलाबाईनं दार उघडलं. पाणी आप्पांच्या कांद्यात शिरलं. तिथून भिकनकडं, आणि पुढं गेंदूबाईकडं.

मंडळी, आपल्या देशाच्या घटनेतही शंभरावर दुरुस्त्या झाल्या. पुढंही होतील, व्हाव्यात! पण हात वर करण्याआधी वळून बघा, टोकाला कोण उभं आहे. आज दुसरं कुणी असेल. उद्या तुम्हीही असाल!

चला, आता नाम घेऊ. मोठ्यानं घ्या — अगदी मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे!