निघोजकर परत आला

निघोज्याची बस काही येईना. चाकणच्या थांब्यावर माझ्या शेजारी निघोज्याची एक आजी बसली होती आणि तिच्या पलीकडचा, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला पोरगा तिच्याकडे भाड्यानं खोली मागत होता.

"खोली हाय रं, पर बाहेरच्याला न्हाई देत मी."

"मी बाहेरचा नाही, आजी. माझं आडनावच निघोजकर आहे."

"आमच्या गावात तर एक बी निघोजकर न्हाई."

"कसा असेल? गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतंय? आमचा खापरपणजा परभणीला गेला, तिथल्या लोकांनी त्याला हे नाव पाडलं."

"आन् तू?"

"मी परत आलो की! पुण्यातली कंपनी सोडून मुद्दाम इथली धरली."

"गावाची काय खूण सांगत्यात घरचे?"

"नदीतल्या खडकात पाण्यानं मोठाले रांजण कोरलेत म्हणे."

"अगं बाई! अरं, ते कुकडीवरचं निघोज, पारनेरकडचं. माजी जाऊ तिथलीच. आमचं गाव निघोजे. ‘ज’वर मात्रा हाय!"

"म्हणजे मी चुकीच्या गावाला परत आलो?"

आजी इतकी हसली की मलाही राहवेना. तेवढ्यात बस आली.

"ऊठ, तोंड पाडू नगंस. आधी जागा धर."

"आणि खोली?"

"आडनावाला तेवढी मात्रा लाव, आन् सामान घिऊन ये."